डाव्या हाताचा भाता: घरबसल्या सिनेमासारखा ऑर्केस्ट्रा कसा बांधायचा

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या लघुपटासाठी मी तीन मिनिटांचं संगीत केलं होतं. व्हायोलिन, चेलो, हॉर्न, टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे), सगळं संगणकातलं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत पंखा बंद करून, आत्याच्या कानाला हेडफोन लावले. आत्या सुरसागराकाठच्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकलेली. कागदोपत्री ते कॉलेज आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी असलं, तरी बडोद्यात त्याला अजून म्युझिक कॉलेजच म्हणतात. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "अरे, हा बासरीवाला श्वास कधी घेतो?"

मी फाइल उघडून बघितली. बासरीचा एकच स्वर नऊ बार (चार-चार मात्रांचे खण) धरलेला, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत सलग तीस सेकंद. "आणि ती व्हायोलिनं म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेची पेटी," ती उठता उठता म्हणाली. "भाता आपला एकसारखा."

सॅम्पल केलेल्या, म्हणजे आधी रेकॉर्ड करून संगणकात भरलेल्या वाद्यांवर काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वर्ष या दोन चुकांत जातं. माझं तर दीड वर्ष गेलं. ते तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय. शेवटी सोळा बारांचा, ५३ सेकंदांचा एक तुकडा तयार होईल. वाचता वाचता सोबत करत गेलात तर जास्त उपयोग होईल.

सामान

संगणक चार-पाच वर्षं जुना असला तरी चालतो. रॅम ८ जीबी असेल तर सुरुवात होते, १६ जीबी असेल तर चिडचिड कमी होते. डिस्क मात्र एसएसडी हवी, कारण हजारो छोट्या ध्वनिफिती वेळेवर उचलाव्या लागतात आणि जुन्या फिरत्या डिस्कला ते झेपत नाही.

कीबोर्ड ४९ कळांचा, यूएसबीवाला पुरे. त्याला स्वतःचा आवाज नसला तरी हरकत नाही. घेताना एकच गोष्ट बघा: डाव्या बाजूला दोन चाकं आहेत का. एक सोडल्यावर आपोआप मध्यावर येतं, ते पिच बेंड. दुसरं जिथे ठेवाल तिथेच थांबतं, ते मॉड व्हील. हे दुसरं चाक नसलेला कीबोर्ड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

हेडफोन वायरवाले घ्या. ब्लूटूथवर कळ दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की लयीत वाजवताच येत नाही. विंडोजवर आणखी एक पायरी आहे: सेटिंगमध्ये जाऊन एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने बाहेर काढणारा छोटा प्रोग्राम) निवडा (ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजासाठीचं बाहेरचं यंत्र नसेल तर एएसआयओफोरऑल फुकट मिळतो), सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, ४८,००० आणि बफर, म्हणजे एका वेळी त्यातली किती साठवायची, २५६ ठेवा. यामुळे होणारा उशीर पाच मिलिसेकंदांच्या आसपास असतो, बोटांना जाणवत नाही. आवाजात कडकड आली तर बफर ५१२ करा. ४८,००० यासाठी की चित्रपट-व्हिडिओच्या कामात तोच दर चालतो.

माइक लागत नाही, आणि बडोद्यात राहणाऱ्याला हे वरदान आहे. खाली वरातीचा बँड वाजू दे, नवरात्रात रात्रभर गरबा चालू दे, तुमच्या संगीतात त्यातलं काही शिरत नाही.

वाद्यं आणि त्यांचं घर

वाद्यं ज्यात राहतात तो प्रोग्राम म्हणजे डीएडब्ल्यू. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीपासून असतोच. विंडोजवर मी रीपर सुचवतो. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतो, वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो, आणि जुन्या संगणकावरही तो कुरकुर करत नाही. मित्राकडे दुसरा कुठला असेल आणि तो शिकवायला तयार असेल, तर बिनदिक्कत तो घ्या. शेजारी बसून दाखवणारा माणूस कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा.

आता सॅम्पल म्हणजे काय ते. खऱ्या वादकाने खऱ्या हॉलमध्ये एकेक स्वर वाजवायचा, हळू, मध्यम, जोरात, लांब, तुटक, आणि प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग करून ठेवायचं. तुम्ही कळ दाबली की त्यातलं योग्य ते रेकॉर्डिंग वाजतं. कल्पना जुनीच आहे. १९६३ मध्ये इंग्लंडात मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं, त्यात प्रत्येक कळीखाली टेपची एक पट्टी होती. पट्टी आठेक सेकंदांत संपायची, मग कळ सोडल्याशिवाय गत्यंतर नसे. त्या यंत्राला सक्तीने का होईना, श्वास होता. आजच्या लायब्ररीत, म्हणजे अशा रेकॉर्डिंगांच्या संचात, स्वर हवा तितका लांबवता येतो, आणि म्हणूनच माझी बासरी तीस सेकंद चालली.

फुकट लायब्ररींत स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही सुरुवातीला उत्तम. त्या ऑर्केस्ट्राचे वादक लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बसवून हे ध्वनिमुद्रण झालं. पूर्ण लायब्ररी शेकडो जीबींची आहे, डिस्कव्हर ही तिची दोनेकशे एमबींची धाकटी बहीण. सगळी वाद्यं एकाच हॉलमध्ये, आपापल्या जागी बसून वाजवलेली असल्याने ती एकमेकांत आपसूक मिसळतात. नवख्याला याचं महत्त्व कळत नाही. पाच ठिकाणची पाच फुकट वाद्यं गोळा केली की पाच वेगवेगळ्या खोल्यांतून आवाज येतो, आणि मग ते जुळवण्यात रविवार जातो.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत असेल तर म्यूझस्कोर ४ आणि त्याचे म्यूझ साउंड्स हा दुसरा फुकट रस्ता. तिथे कागदावर लिहावं तसं लिहायचं आणि ऐकायचं. नोटेशन येत नसेल तरी अडत नाही, आपल्याला सरगम येते. याच गावात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, त्यांनी स्वतःची स्वरलिपी केली. पुढे १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली. स्वर कागदावर कसे मांडायचे याची चर्चा इथे आपल्या पणजोबांच्या काळापासून चालू आहे. मी अजूनही आधी वहीत सरगम लिहितो.

आणि पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. सेल लागतात, ईमेल येतात, "शेवटचे तीन तास" असं लिहिलेलं असतं. सेल पुन्हा लागतो.

पहिल्या दिवशी फक्त सहा ट्रॅक

नवीन प्रोजेक्ट उघडा, लय ७२, चार मात्रांचा बार. सहा ट्रॅक करा आणि प्रत्येकावर त्या लायब्ररीची एक प्रत टाका: पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, हॉर्न. चाळीस ट्रॅकचा साचा आधी बनवून ठेवायचा मोह होतो. मी केला होता, बेचाळीस ट्रॅकचा, प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला. त्यातली तीस वाद्यं मी वर्षभरात उघडली नाहीत.

व्हायोलिन निवडताना 'स्ट्रिंग्ज' अशा एकत्र पॅचवर (सगळी तंतुवाद्यं एकाच आवाजात) तीन-तीन बोटांनी सूरसंगती, म्हणजे कॉर्ड, वाजवू नका. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन सोळाच्या आसपास असतात, मग उतरत्या क्रमाने चौदा, बारा, दहा आणि आठ डबल बास. व्हायोलिनच्या एका ट्रॅकवर तीन स्वर एकदम धरलेत तर सोळाचे अठ्ठेचाळीस वादक झाले. कानाला ते फुगलेलं आणि खोटं वाटतं, का ते कळत नाही. एका ट्रॅकवर एका वेळी एक स्वर, ही सवय आजच लावून घ्या.

चाल

आधी गुणगुणा. गाता येत नाही ती चाल वादकांनाही नीट वाजवता येत नाही, आणि सॅम्पलना तर त्याहून नाही.

आपण सा पांढरी दोनवर धरू, म्हणजे डी. थाट आसावरी: ग, ध, नि कोमल, बाकी शुद्ध. पाश्चात्त्य भाषेत हाच डी मायनर. चार बारांची चाल अशी, प्रत्येक खणात चार मात्रा:

सा – ग रे | सा – – नि | प – – म | रे – – –

दुसऱ्या बारातला नि सा च्या लगेच खालचा आहे, आणि तिथून तिसऱ्या बारात प वर उडी आहे. सगळा जीव त्या उडीत आहे, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

खाली सूरसंगती चार: डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी. ही मालिका ट्रेलरच्या जगातली सेव-उसळ आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, सगळ्यांना आवडते, आणि करणाऱ्याच्या हातावर चव ठरते. सरगमीत पाहिलं तर सा ग प, मग ध सा ग, मग ग प नि, मग नि रे म.

वाटणी: कोणी काय वाजवायचं

आता तीन स्वरांची मुठ्ठी सोडवून वादकांत वाटायची. नियम मोजकेच आहेत. खाली स्वर दूर दूर ठेवा, वर जवळ जवळ आले तरी चालतात. खर्जात सा आणि ग शेजारी बसवले की नुसती घरघर ऐकू येते, पेटीच्या खालच्या सप्तकात करून बघा. दुसरं, प्रत्येक वादकाला कमीत कमी हलवा. शेजारचा स्वर मिळत असेल तर उडी कशाला?

चार बारांसाठी मी असं वाटलं:

पहिली व्हायोलिन: आपली चाल, पण एक सप्तक वर, तार सा पासून.
दुसरी व्हायोलिन: ग, ग, ग, म (मध्य सप्तक).
व्हायोला: प, ध, नि, नि (मंद्र).
चेलो: सा, ध, ग, नि. मंद्र सा पासून सुरू करून ध त्याच्या खालचा, ग वरचा, नि पुन्हा सा च्या लगेच खालचा.
डबल बास: चेलोचंच, एक सप्तक खाली.

दुसरी व्हायोलिन तीन बार एकाच ग वर बसून आहेत. कंटाळवाणं दिसतं ना? पण खालची माणसं हलतात तसा त्या ग चा अर्थ बदलत जातो. पहिल्या बारात तो उदास असतो, तिसऱ्यात तोच ग सूरसंगतीचा पाया होतो. नुसती दुसरी व्हायोलिन आणि चेलो असे दोनच ट्रॅक चालू ठेवून हे ऐका.

वाद्यांच्या सीमा मात्र पाठ हव्यात. व्हायोलिन मधल्या सी च्या (म्हणजे आपल्या मध्य सा च्या लगेच खालच्या नि च्या) खालच्या जी पाशी थांबतं, त्याखाली तार नाही. व्हायोला आणि चेलो दोघांची शेवटची तार सी ची, चेलोची एक सप्तक खाली. म्हणून दुसऱ्या बारात चेलोला आणखी खालचा ध दिला तर तो वाजणारच नाही. तो स्वर फक्त डबल बासकडे आहे. इथे एक खोच: मधल्या सी ला काही प्रोग्राम सी४ म्हणतात, काही सी३. रीपर सी४ दाखवतो, क्यूबेस आणि लॉजिक सी३. कुठल्या तरी व्हिडिओत बघून स्वर टाकले आणि सगळं एक सप्तक चुकलं, असं झालं तर तुमचे कान ठीक आहेत, हे समजून जा.

भाता

इथे थांबून वेळ द्या. बाकी सगळं एका संध्याकाळी होतं, हे रोज करावं लागतं.

पेटी वाजवणारा माणूस आठवा. उजवा हात कळांवर, डावा भात्यावर. नवशिका कळांकडे बघतो, मुरलेल्याचं अर्धं गाणं डाव्या हातात असतं. तुमच्या कीबोर्डवर मॉड व्हीलही डावीकडेच आहे. तोच तुमचा भाता.

फरक एक आहे. पेटीचा भाता मुख्यतः आवाज लहान-मोठा करतो. मॉड व्हील त्याहून जास्त काही करतं. व्हायोलिन जोरात वाजवलं की ते नुसतं मोठं होत नाही, त्याचा पोतच बदलतो: गज तारेला चावतो, आवाज उजळतो, थोडा खरखरीत होतो. लायब्ररीत हळू आणि जोरात वाजवलेली रेकॉर्डिंग वेगळी असतात आणि चाक फिरवलं की एक विरत जाऊन दुसरं उगवतं. कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या मिडीच्या भाषेत हे सीसी १, म्हणजे नियंत्रण क्रमांक एक. ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) किंवा तेच काम करणारा सीसी ७ वर-खाली करून हा परिणाम येत नाही. हळू वाजवलेलं व्हायोलिन फेडरने मोठं केलं तर ते कानाजवळ आलेलं हळू व्हायोलिनच राहतं. तिसरा एक सीसी ११, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात; तो पोत न बदलता आवाज कमी-जास्त करतो, वाक्याच्या शेवटी विरून जायला छान.

मिडीत किंमत ० ते १२७ असते. आपल्या चालीसाठी चेलोवर मी हे आकडे वापरले. पहिल्या बारात ४० पासून सुरू करून ग वर ५५. दुसऱ्या बारात सा वर ५०, आणि उडीआधीच्या नि वर मुद्दाम ४२ पर्यंत खाली. उडी मारण्याआधी माणूस गुडघे वाकवतो तसं. मग प वर पाय ठेवताना ६०, आणि स्वर धरून असतानाच दुसऱ्या मात्रेपर्यंत ८५ पर्यंत चढ. चौथ्या बारातला रे ७० वर येतो आणि चार मात्रांत ३० पर्यंत उतरतो. आकडे माझे आहेत, कॉपी करू नका. चाल गाऊन बघा, तुमचा आवाज जिथे फुगतो तिथे चाक वर न्या.

हे माउसने रेघा ओढून करू नका. आधी स्वर वाजवून घ्या, मग ट्रॅक पुन्हा चालू करून नुसतं चाक फिरवत दुसऱ्यांदा मुद्रित करा. पहिले पाच-सहा प्रयत्न दारूड्याच्या चालीसारखे येतील. सातवा बरा येतो. प्रत्येक वाद्यासाठी हे वेगळं करायचं. एका ट्रॅकचा भाता उचलून पाचांना चिकटवला की सगळे एकदम फुगतात-उतरतात आणि पुन्हा प्रार्थनेची पेटी. माझी त्या वेळची व्हायोलिनं उघडून पाहिली तेव्हा चाकाची रेघ सरळ होती, ६४ वर, पहिल्या सेकंदापासून तिसऱ्या मिनिटापर्यंत.

श्वासाचंही इथेच. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट यांची ओळ लिहिताना स्वतः तोंडाने म्हणा. तुम्हाला जिथे श्वास घ्यावा लागला तिथे आधीचा स्वर पाव मात्रा लवकर तोडा. बासरीला खूप हवा लागते, ओबोला कमी, तरी नियम दोघांनाही लावा. व्हायोलिनला श्वास नसतो पण गज संपतो, दिशा बदलते. दोन वाक्यांच्या मध्ये तिथेही बारीकशी फट ठेवा.

मींडेचा नाद मात्र सोडा. पिच बेंडचं चाक फिरवून सोळा व्हायोलिनं एकदम सरकवली की मांजर शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडतं. डिस्कव्हरमध्ये खरा लेगाटोही (एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणं) नाही, म्हणून स्वर एकमेकांवर किंचित चढवून शिवण झाका. मींडच हवी असेल तर एक खरा वादक बोलवा. म्युझिक कॉलेजातला कुणी व्हायोलिन किंवा सारंगी शिकणारा विद्यार्थी, त्याचे रीतसर पैसे देऊन. सॅम्पलच्या गादीवर एक जिवंत वाद्य ठेवलं की खालचे सगळे खरे वाटू लागतात.

तुटक स्वर

नवव्या बारापासून चालीखाली हालचाल हवी. दुसरी व्हायोलिन आणि व्हायोला स्पिकाटोवर न्या, म्हणजे गज तारेवर उसळवून काढलेले छोटे स्वर. मात्रेला दोन असे आठ स्वर एका बारात. लांब स्वरांवर भाता चालतो, इथे जोर ठरतो कळ किती वेगाने दाबली त्यावर, म्हणजे व्हेलॉसिटीवर. आठही स्वर १०० वर ठेवलेत तर शिवणयंत्र चालू होतं. तबल्यातल्या ठेक्यासारखा वजनदार-हलका फरक करा: पहिला ९५, मग ६०, ७०, ५५, पाचवा ८५, पुन्हा ६०, ७२, ५८. आणि सगळे स्वर ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या आखलेल्या रेघांवर, तंतोतंत खेचू नका. क्वांटाइझ (स्वर रेघेकडे खेचण्याची सोय) ८० टक्क्यांवर ठेवलं तर माणसं वाजवत असल्यासारखं राहतं.

एक तांत्रिक अडचण इथेच भेटते. लांब स्वर उमलायला वेळ घेतो, तुटक लगेच लागतो. दोन्ही ग्रिडवर असले तरी लांब स्वर मागे पडल्यासारखे वाटतात. ट्रॅकला उलटा उशीर द्यायची सोय असते. लांब स्वरांचे ट्रॅक ५० ते १०० मिलिसेकंद लवकर सुरू होतील असे ठेवून कानाने ठरवा.

हॉर्न आणि टिंपनी

नवव्या बारात चाल हॉर्नला द्या, मूळच्या मध्य सप्तकात. हॉर्नचा सगळ्यात सुंदर आवाज ५० ते ७० च्या भात्यात असतो. नवखा माणूस सरळ १२७ वर जातो, कारण ते 'एपिक' वाटतं. मग तेराव्या बारात खरंच मोठं व्हायची वेळ आली की हातात काही उरत नाही.

टिंपनी दोनच ठेवा, सा आणि प. चार बारांच्या फेरीतल्या पहिल्या बारात सा चालतो, बी फ्लॅटमध्ये सा आहे, एफमध्ये प आहे. चौथ्या बारात, नि रे म मध्ये, दोन्ही नाहीत. तिथे टिंपनी गप्प. वादकाने मध्ये सूर बदलला तर गोष्ट वेगळी, पण या गप्प बसण्याने पुढच्या बारातला सा असा लागतो की खुर्ची हलते. लांब गडगडाट हवा असेल तर त्याचं वेगळं रोल रेकॉर्डिंग वापरा, एकच ठोका वीस वेळा टाकू नका.

आपल्याकडचे ढोल-ताशे मिसळायचा विचार येईलच, मलाही आला. करा, पण ताशाची पट्टी फार उंच आणि टोकदार असते, ती व्हायोलिनना खाऊन टाकते. मी ताशा काढून नुसता ढोल ठेवला.

सोळा बार

पहिले चार: चेलो चाल वाजवतात मध्य सप्तकात, खाली डबल बास, बाकी कोणी नाही. पाच ते आठ: वर दिलेली पूर्ण वाटणी, चाल पहिल्या व्हायोलिनकडे. नऊ ते बारा: स्पिकाटो, हॉर्न, टिंपनी. पहिली व्हायोलिन इथे थांबतात, आणि त्यांचं थांबणं महत्त्वाचं आहे. तेरा ते पंधरा: सगळे, चाल व्हायोलिन आणि हॉर्न दोघांकडे. सोळाव्यात सगळे सोडतात आणि एकटा ओबो रे धरतो. (ओबोचा सातवा ट्रॅक आणि टिंपनीचा आठवा, एवढे चालतील.)

वाद्यं एकेक करून कशी वाढवायची, हे शिकायला बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग घ्या. १८१३ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली ही सिंफनी. तिचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिहिलेली स्वरलिपी, आयएमएसएलपी या ऑनलाइन संगीत-ग्रंथालयात कायदेशीर, मोफत मिळतो. आधी व्हायोला, चेलो आणि बास, मग तीच चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे, मग पहिल्या, मग सगळे. त्यातले पहिले पन्नास बार तुमच्या सहा ट्रॅकवर जसेच्या तसे उतरवून काढा. आठवडा लागेल. त्या आठवड्यात मी जे शिकलो ते विकत घेतलेल्या कोर्समध्ये नव्हतं.

हॉल, आणि बाहेर काढणं

डिस्कव्हरमध्ये हॉल आधीच मुरलेला आहे, आणि वाद्यंही डावी-उजवीकडे आपल्या जागी बसलेली आहेत: पहिली व्हायोलिन डावीकडे, चेलो-बास उजवीकडे. म्हणून पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारी खुंटी) हलवू नका. एकच रिव्हर्ब, म्हणजे हॉलची गुंज, वेगळ्या ट्रॅकवर लावून सगळ्यांना त्यात थोडं थोडं पाठवा, दोन सेकंदांच्या आसपास शेपूट. आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा वाटला तर निम्मं करा, मग अजून थोडं कमी करा.

मिक्स रात्री करावं, ताज्या कानाने सकाळी ऐकावं. उत्तरायणाचे दोन दिवस तर नादच सोडा. प्रत्येक गच्चीवर स्पीकर असतो आणि तुमचा ओबो पतंगवाल्यांच्या आरोळ्यांत हरवतो. आवाजाची पातळी बघायला यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती पुरते. यूट्यूब साधारण −१४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) वरचं खाली ओढतं, म्हणून दाबून-ठासून मोठं करण्यात काही मिळत नाही. ऑर्केस्ट्रा −१८ ला राहिला तरी राहू द्या, पहिले चार बार शांत असायलाच हवेत.

लघुपटासाठी देणार असाल तर एकच मिश्र फाइल देऊन मोकळे होऊ नका. तंतुवाद्यं, हॉर्न-ओबो आणि टिंपनी अशा तीन वेगळ्या फाइल काढा, ४८,०००, २४ बिट, वेव्ह. संवादाखाली टिंपनी नकोशी झाली तर संपादक तेवढीच काढतो, तुम्हाला रात्री अकराला फोन येत नाही. तिन्ही फाइल शून्य सेकंदापासून काढा, टिंपनी नवव्या बारापर्यंत वाजत नसली तरी. मी एकदा टिंपनीची पुढची शांतता कापून पाठवली होती. प्रदर्शनाच्या दिवशी नायिका दार उघडायच्या आत गडगडाट झाला, आणि शेजारी बसलेली आत्या हळूच म्हणाली, "याचा श्वास जरा जास्तच झाला रे."